भुताच्या कोटाचं माप

भुताची छाती मोजता मोजता भूत शिंकलं!

सुईच्या हातून टेप सुटली, ओठांत धरलेला खडू खाली पडून दुभंगला आणि तिने अशी काही किंकाळी फोडली की, पार्कमधल्या शेजारच्या आकाशपाळण्याच्या रांगेतली माणसंसुद्धा माना वळवून भूतबंगल्याकडे बघायला लागली. खरं तर दुरुस्तीसाठी भूतबंगला बंद होता. तरीही दोघा-तिघांनी लगेच तिकिटाची चौकशी केली म्हणे.

“माफ करा,” भूत नाक पुसत म्हणालं. “या कोटात धूळ फार आहे.”

“तुम्ही... तुम्ही माणूस आहात?”

“आई तरी तसंच म्हणायची. रागावलेली नसेल तेव्हा.”

सुईला हसावं की रडावं कळेना. समोर तो उभा होता — विटक्या राखाडी कोटातला, चेहऱ्याला पावडर फासलेला आणि त्या पावडरीतून दोन मिश्कील डोळे लुकलुकणारा.

“मग इतका वेळ बोलला का नाहीत? मी खांदे मोजले, बाही मोजली, हनुवटी धरून मान वर केली तुमची!”

“हलायचं नाही असा हुकूम होता. बाहुला दुरुस्तीसाठी उघडलाय, म्हणून त्याच्या जागी मी उभा राहिलो. दिवा नेमका कुठे पडतो ते बघायला.” तो थांबला. मग जरा हळूच म्हणाला, “आणि... इतक्या काळजीने माझं माप कधी कोणी घेतलं नव्हतं. म्हटलं, पुरं होऊ दे.”

सुई म्हणजे काही उठसूट लाजणारी मुलगी नव्हे. बारीक अंगकाठी आणि टोचरी जीभ, म्हणून तर अख्खी गल्ली तिला सुई म्हणायची. एरवी तिने एका वाक्यात समोरच्याची शिवण उसवली असती. आज मात्र तिने वाकून टेप उचलली आणि उगाचच पुन्हा एकदा गुंडाळली.

ती इथे आली होती मावशीच्या ऐवजी. मावशीचं शिवणाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, साहेबलोकांचे शर्ट, कधीमधी हौसेचा एखादा झगा असं काम चालायचं. पार्कच्या मालकीणबाईंनी भूतबंगल्यातल्या झाडून सगळ्या भुतांचे कपडे नव्याने शिवायला मावशीकडे दिले आणि मावशीला आनंद झाला. पण तिच्या गुडघ्यांना नाही झाला. तिचे गुडघे म्हणजे नुसता जिना दिसला तरी संप पुकारणारे.

“तूच जा,” मावशी म्हणाली होती. “भुतांची काही उंची वाढत नाही. एकदा माप घेतलं की झालं.”

एकदा! पुढच्या काही आठवड्यांत सुई इतक्या वेळा तिथे गेली की, दारावरचा रखवालदार तिला पास विचारायचा बंद झाला. कधी बाही बघायची असायची, कधी अस्तर दाखवायचं असायचं, आणि एकदा तर ती नुसतं ‘निळा दोरा चालेल ना?’ हे विचारायला अर्धं गाव ओलांडून गेली. फोन नावाची वस्तू त्या दिवशी तिला आठवलीच नाही.

त्या शिंकणाऱ्या भुताला सगळे मिस्त्री म्हणायचे. भूतबंगल्यातली चाकं, दोऱ्या, दिवे, आवाज, सगळं त्याच्या हाताखालचं. दुसऱ्याच दिवशी त्याने आतल्या सगळ्या ट्यूबलाइट लावल्या आणि म्हणाला, “चला, तुमची भीती मोडून टाकतो.”

लखलखीत उजेडात भूतबंगला म्हणजे अडगळीची खोलीच की! पण मिस्त्री एकेका वस्तूपाशी असा थांबायचा, जणू घरातल्या माणसांची ओळख करून देतोय.

“ही वटवाघळं. जुन्या छत्र्यांचं कापड. ही दाराआडून ठोठावणारी मूठ, ही भंगारातल्या मोटारीच्या वायपरवर चालते. आणि मानेवर गार श्वास येतो ना? माशांच्या पेटीत हवा सोडायचा पंप.”

“म्हणजे लोक माशांच्या हवेला घाबरतात?”

“मासेही मनापासून देतात हो.”

“आणि ही कोळिष्टकं? खरी?”

“छे. ही मी केलेली. खरी रोज झाडून काढतो.”

“का?”

“कोळ्याला टापटीप नाही. हवं तिथे करत नाही, नको तिथे करतो.”

सुईला हसू आवरेना. तो मात्र गंभीरपणे पुढे चालला होता. चेटकिणीपाशी आल्यावर त्याने एक बटण दाबलं आणि अंगावर काटा आणणारं खदाखदा हसू घुमलं.

“हे कोणाचं?” सुईने दोन्ही कानांवर हात ठेवले.

“तिकीट खिडकीवरच्या आत्याबाईंचं. मी त्यांना म्हटलं होतं, आता गाणं शिकायचं म्हणतोय. त्या हसायला लागल्या, मी रेकॉर्ड केलं. शेवटपर्यंत थांबल्याच नाहीत.”

“मग शिकलात का गाणं?”

“एवढी दाद आधीच मिळाल्यावर शिकून काय करणार?”

चालता चालता एका भिंतीमागच्या अरुंद बोळात तो थांबला. तिथे एक मोडकं स्टूल होतं. पार्क चालू असला की तो तिथे बसतो म्हणाला.

“किंकाळ्या ऐकायला?”

“नाही... किंकाळीनंतरचं ऐकायला. माणूस घाबरतो आणि मग स्वतःलाच हसतो ना? बरोबरच्याचा हात घट्ट धरलेला असतो आणि ते लक्षात आल्यावर आणखी हसतो. ते इथे फार छान ऐकू येतं.” त्याने स्टुलावरची धूळ उगाचच झटकली. “मी कोणाला दिसत नाही. दिसलो तर काम फसलं म्हणायचं.”

सुईने त्याच्याकडे पाहिलं. हाताला काळं ग्रीस, कानामागे पेन्सिल, शर्टाचं एक बटण गायब. आणि तिला वाटलं, आपण इतका छान माणूस आजवर पाहिलेला नाही. वाटलं म्हणजे अगदी सरळ, स्वच्छ वाटलं. तिने स्वतःलाच विचारलं की, अगं, भलतंच काय? पण मनाने काही माघार घेतली नाही.

सगळ्यात शेवटी त्याने तिला काचेची गंमत दाखवली. रुळांवरच्या छोट्या गाडीतून भूतबंगल्यात फिरताना लोकांना दिसायचा एक रिकामा दिवाणखाना. त्याच्या आणि गाडीच्या मध्ये एक भलीमोठी काच तिरकी उभी होती. इतकी स्वच्छ की, आहे हेच कळू नये. आणि बाजूला, गाडीतल्या माणसाला कधीच न दिसणारी, भिंतींना काळा रंग दिलेली एक खोली.

“भूत उभं असतं या काळ्या खोलीत,” मिस्त्री म्हणाला. “त्याच्यावर दिवा पडला की काचेत त्याचं प्रतिबिंब उमटतं आणि गाडीतल्याला वाटतं, ते दिवाणखान्यात उभं आहे. आरपार दिसणारं.”

सुई आधी दिवाणखान्यात जाऊन उभी राहिली, मग काळ्या खोलीत. “इथून तिथलं काहीच दिसत नाही. आणि तिथून इथलं!”

“नाहीच दिसत. दोन्ही एका जागी दिसतं ते फक्त गाडीत बसणाऱ्याला.”

“भुताला बिचाऱ्याला कळतही नसेल, आपण कोणाशेजारी उभे आहोत.”

“नसेल,” तो म्हणाला आणि काचेवर नसलेला डाग पुसायला लागला.

त्या भुताचा कोट सुईने जीव ओतून शिवला. चंदेरी राखाडी साटिन, डाव्या छातीवर छोटा खिसा, बटणांची रांग अशी की नजर ठरू नये. कोट बाहुल्याला चढला आणि ती ऐटीत गाडीत बसली. गाडी काचेसमोर आली, भूत उगवलं आणि सुई ओरडली, “थांबवा! थांबवा गाडी!”

खिसा उजवीकडे गेला होता. बटणं भलत्याच बाजूला. एवढा रुबाबदार गृहस्थ, पण कोट बायकी बाजूने मिटलेला.

मिस्त्री धावत आला, त्याने काचेकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “काचेत डावं-उजवं उलटं होतं. इथला कपडा मुद्दाम उलटा शिवावा लागतो. ही चूक माझी आहे. नवीन माणूस आला की मी सगळ्यात आधी हेच सांगतो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

त्याने मानेवरून हात फिरवला. मानेला ग्रीस लागलं. “सांगणारच होतो. पण तुम्ही वटवाघळांना हसत होता... मग मत्स्यपेटीला... मग राहूनच गेलं.”

सुईने मुकाट्याने कोट उतरवला. रात्रभर बसून शिवलेला कोट उसवायचा होता आणि ती घरी जाताना गुणगुणत होती, यावरून काय समजायचं ते समजा.

मावशीला समजायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात बँकेतले साहेब नवा शर्ट घालून बघायला दुकानात आले आणि आरशासमोर बटणं लावता लावता त्यांची बोटं गोंधळली. काजं तिथे बटणं, बटणं तिथे काजं! साहेब गेल्यावर मावशीने शर्ट सुईच्या नाकासमोर धरला.

“हा शर्ट साहेबांचा की साहेबांच्या भुताचा?”

“हाताला सवय लागली गं मावशी.”

“हं. कसा आहे?”

“कापड ना? सुती आहे.”

“कापड नाही. ज्याने तुझं डावं-उजवं उलटं केलं, तो.”

सुईने मशीन जोरात चालवलं. मशीनमध्ये कापडच नव्हतं.

मग एका दुपारी मिस्त्रीने ती बातमी सांगितली. चेटकिणीचं मनगट खोलून तो बसला होता, सुई तिच्या झग्याला किनार लावत होती. दुसऱ्या शहरात एक मोठा नवा पार्क उघडणार होता. त्यांचं बोलावणं आलं होतं त्याला. मोठी जागा, मोठं पद.

“तिथे काच नाही, कापडही नाही,” तो म्हणाला. “सगळी भुतं पडद्यावर. मी नुसती बटणं दाबायची.” जरा वेळाने तो म्हणाला, “आपलं काचेतलं नवं दृश्य उभं राहिलं की उत्तर द्यायचंय. अजून दिलं नाही.”

आणि त्याने सुईकडे बघितलं. नुसतं बघितलं... हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून.

जाऊ नका, असं सुईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या हातांनी भंगारातून श्वास आणि हसू निर्माण केलं होतं. त्यांना मोठी जागा मिळत असताना आडवी येणारी ती कोण? चार कोट शिवले म्हणून काय माणसावर हक्क सांगायचा?

“छान झालं,” ती म्हणाली. “जायलाच हवं. अशी संधी कोण सोडतं?”

“तुम्हाला तसं वाटतं?”

“मला काय वाटायचंय? मी कपडे शिवते.” तिने दाताने दोरा तोडला. तो मुळी तोडायचा नव्हताच, अर्धी किनार राहिली होती.

मिस्त्रीने चेटकिणीचं मनगट मिटवलं आणि बराच वेळ तो तोच एक स्क्रू पिळत राहिला. त्या रात्री मावशीच्या घरी सुई जेवली नाही. भूक नाही म्हणाली. मावशीने ताट झाकून ठेवलं.

नवं दृश्य मिस्त्रीच्याच डोक्यातून निघालं होतं. दिवाणखान्यात खुर्चीवर एक बाई एकटी बसलेली. मागे हळूहळू तिचा गेलेला नवरा उगवतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि विरून जातो. एवढंच.

“याला कोण घाबरणार?” मालकीणबाईंनी विचारलं होतं.

“कोणी नाही घाबरलं तरी चालेल,” तो म्हणाला होता. “भूत घाबरवायलाच येतं कशावरून? एखादं नुसतं भेटायला येत असेल.”

मालकीणबाईंनी यावर चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं आणि होकार दिला.

चाचणीच्या दुपारी बाईच्या बाहुलीचे केस अजून चिकटायचे होते. म्हणून सुईच त्या बाईचा झगा घालून खुर्चीत बसली आणि कोट घालून, पावडर फासून मिस्त्री काळ्या खोलीत उभा राहिला. हात नेमका खांद्यावर दिसतो का, हे बघायला गाडीत तिसरं कोणीतरी हवं होतं. कोट बघायच्या निमित्ताने मावशी आलीच होती. तिला गाडीत बसवलं, पोटावरचा दांडा खाली आला आणि मावशीला एकदम अधिकार चढला.

“मिस्त्री, जरा दाराकडे सरका!”

“तिथलं दार मला कुठे दिसतंय, मावशी?” काळ्या खोलीतून आवाज आला.

“मग जिकडे तुम्ही नाही तिकडे सरका!”

पत्र्यावर पाऊस वाजायला लागला होता. सुईला फक्त समोरचा अंधार दिसत होता आणि ऐकू येत होता तो पाऊस, मावशीचा आवाज आणि भिंतीआडून त्याच्या पावलांची हालचाल.

“हं... आता हात. थोडा खाली. थोडा अलीकडे, तिच्या मानेकडे. बास! बास! हलू नका आता दोघंही. चष्म्यावर वाफ धरलीय, पुसते.”

सगळं शांत झालं. सुईने आपल्या उजव्या खांद्याकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. पण मावशी म्हणते म्हणजे तिथे त्याचा हात होता. भिंतीपलीकडे तो रिकाम्या हवेत हात धरून उभा होता, तिच्यासाठी. आजचं काम संपलं की तो उत्तर कळवणार होता आणि मग हा हात कुठल्याच काचेत दिसणार नव्हता.

इथे आपल्याला कोण बघतंय? मावशी चष्मा पुसतेय. त्याला तर काही दिसतच नाही. सुईने डोळे मिटले आणि मान हळूच त्या रिकाम्या खांद्याकडे कलती केली. गाल हवेवर टेकवला. आवाज न करता, नुसत्या ओठांनी ती म्हणाली, जाऊ नका ना.

“अगंबाई...” गाडीतून आवाज आला.

सुईने दचकून मान सरळ केली. “काय झालं मावशी? कोटाला सुरकुती पडलीय?”

“कोट गेला खड्ड्यात! सुई, तुला मान टाकायला कोणी सांगितलं होतं?”

सुईचे कान तापले. काचेपलीकडे आपण लख्ख दिसतो, हे ती साफ विसरली होती.

“आणि अहो मिस्त्री! तुम्हाला मी खांद्यावर हात ठेवायला सांगितला होता. तिच्या गालाला लावायला नव्हता सांगितला!”

काळ्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं. मग अडखळत आवाज आला, “मी... मी गालाला नाही लावला. मी फक्त केसांवरून...” आणि तो आवाज तिथेच अडकला.

सुई खुर्चीत जागच्या जागी बसून राहिली. केसांवरून? त्या काळ्या खोलीत, जिथे ती नव्हतीच, तिथे तो तिच्या केसांवरून हात फिरवत होता?

“मावशी,” त्याने विचारलं, फार हळू. “त्यांनी मान... माझ्या हाताकडे वळवली होती?”

“हाताकडे? हातावर ठेवली होती, हातावर! आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. दोघांना एकमेकांचं काही दिसत नाही आणि मला मेलीला सगळं बघावं लागतंय. आता मध्ये निरोप्या करू नका मला. बाहेर या, आणि जे काय आहे ते तोंडाने बोला!”

काळ्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज झाला. काचेच्या कडेने वळसा घालून मिस्त्री दिवाणखान्यात आला. अंगावर तिनेच शिवलेला उलटा कोट, चेहऱ्यावर पावडर, आणि त्या पावडरीतून ओघळलेली एक ओली रेघ. सुई उठून उभी राहिली. आपल्याला इतकं नीट, इतकं समोरासमोर यांनी आज पहिल्यांदा बघितलं, असं तिला वाटलं.

“काय पुटपुटत होतात?” त्याने विचारलं.

“तुम्ही आधी सांगा. कधीपासून?”

“तुम्ही हनुवटी धरून मान वर केलीत तेव्हापासून.” तो हसला, पण हसू टिकलं नाही. “मी तुम्हाला ती बातमी मुद्दाम सांगितली होती. वाटलं होतं, तुम्ही थांबवाल. तुम्ही म्हणालात, छान झालं.”

“मला वाटलं, मी तुमच्या वाटेत येईन.”

“पडद्यावरच्या भुतांच्या वाटेत?”

“तुमच्या!” सुईचा आवाज चढला आणि मग फुटलाच. “मला तुम्ही फार आवडता. तुमची कोळिष्टकं आवडतात, ते मोडकं स्टूल आवडतं, माझं काम असलं-नसलं तरी मी इथे येते ती तुमच्यासाठी येते. जाऊ नका. हेच पुटपुटत होते. जाऊ नका.”

टोचरी म्हणून गल्लीत गाजलेली मुलगी ढसाढसा रडत होती. मिस्त्रीने तिचा हात धरला. ग्रीसचा, पावडरचा, खरबरीत, ऊबदार हात होता तो, आणि या वेळी तो खरोखर तिथे होता.

“ते लोक कारण विचारतील,” तो म्हणाला. “एवढं मोठं पद का नाकारताय, म्हणतील.”

सुईने बाहीने डोळे पुसले. “मग मी आहे म्हणून सांगा.”

“अरे, मला कोणी सोडवणार आहे का?” गाडीतून मावशी ओरडली. “हा दांडा निघत नाही!”

“सोडवतो मावशी, एकच मिनिट,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने तिथेच, सुईचा हात न सोडता, फोन लावला. नमस्कार झाला, आभार झाले, नाही म्हणून झालं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो सुईकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाला,

“हो, कारण आहे ना. इथे माझ्यासमोर उभं आहे.”